झिजलेल्या रस्त्यांची अल्पव्ययी दुरुस्ती : सांडोरच्या निमित्ताने एक ऐतिहासिक विचार

रस्ते बांधण्याचा इतिहास आपल्याकडे बऱ्यापैकी लिहिला गेला आहे. रस्ते राखण्याचा इतिहास मात्र जवळजवळ लिहिलाच गेलेला नाही. बोरघाटाचा गाडीरस्ता १८३० मध्ये सर जॉन माल्कम यांच्या कारकीर्दीत खुला झाला, माहीमचा बांध १८४५ मध्ये लेडी अवाबाई जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीने पुरा झाला, हे शालेय पुस्तकांतूनही आढळते. परंतु त्याच घाटातील खडी किती वर्षांनी उखडली, ती पुन्हा कोणी पसरली, त्याचा खर्च कोणत्या खात्यावर पडला, हे विचारू लागताच ग्रंथ मूक होतात. बांधणाऱ्याचे नाव शिलालेखावर जाते, दुरुस्ती करणाऱ्याचे हजेरीपटावर. आणि हजेरीपट जपून ठेवण्याची पद्धत आपल्याकडे नाही. तथापि समाजाचा रस्त्यांवरील बहुतांश खर्च, दीर्घ काळाचा हिशेब केल्यास, राखण्यावरच होतो. म्हणून स्वस्त दुरुस्तीचे कोणते मार्ग केव्हा निघाले, ते कोणत्या कारणाने टिकले वा विसरले गेले, याचा विचार केवळ अभियंत्यांवर सोपवून चालणार नाही. तो इतिहासाच्या अभ्यासकाचाही विषय आहे.

या विचारासाठी वसईजवळील सांडोर हे गाव निवडले आहे. पोर्तुगीज अमदानीपासून चालत आलेली ख्रिस्ती वस्ती, सेंट थॉमसचे चर्च, विहिरींवर पोसलेल्या वाड्या व बागा आणि वाड्यांमधून जाणाऱ्या अरुंद वाटा, असे या गावाचे पूर्वापार रूप. येथे कोणताही राजमार्ग नव्हता, घाट नव्हता, मोठा पूलही नव्हता. आणि नेमक्या याच कारणासाठी ते उपयोगी आहे. महाराष्ट्रातील रस्त्यांची फार मोठी लांबी अशाच गावांमधून जाते. प्रसिद्ध रस्त्यांना पैसा मिळतो. स्वस्त दुरुस्तीची खरी गरज असते ती अप्रसिद्ध रस्त्यांना.

वसईच्या किनारपट्टीचे भूस्वरूप प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. समुद्रालगतचा हा पट्टा रेताड व सखल आहे. पावसाळ्याच्या चार महिन्यांत येथे दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि जमिनीखालचे पाणी वर चढून पृष्ठभागाच्या अगदी निकट येते. गावात कठीण दगड नाही. काळा पाषाण मिळतो तो पूर्वेकडच्या डोंगराळ भागातील खाणींत. तेव्हा सांडोरच्या वाटेवर पडलेला खडीचा प्रत्येक तुकडा बाहेरून वाहून आणलेला आहे, आणि येथल्या रस्त्याच्या खर्चात दगडाच्या किमतीइतकाच, कित्येकदा तिच्याहूनही अधिक, वाटा वाहतुकीचा असतो. जेथे दगड दूर आहे तेथे जुना दगड टाकून देणे ही चैन आहे. पुढील विवेचनात ही साधी गोष्ट वारंवार येणार आहे.

रस्ता हा शब्द या परिसरात एका निराळ्या रीतीनेही रुळला. बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेने आपला मार्ग वसईवरून नेला आणि १२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून मुंबईस जाणारी गाडी सुरू झाली; परंतु स्थानक जुन्या वसईपासून दूर पडले. अशा स्थानकांच्या नावापुढे 'रोड' लावण्याची आपल्या रेल्वेची चाल आहे, त्याप्रमाणे त्यास 'बसीन रोड' म्हणू लागले. म्हणजे आगगाडीने यावे आणि पुढे रस्त्याने गावात जावे, अशी सूचना त्या नावातच आहे. किल्ल्याच्या आणि बंदराच्या भोवती विणलेले गावोगावचे व्यवहार यानंतर हळूहळू स्थानकाकडे वळले. केळी, भाजी, फुले व पाने भल्या पहाटेच्या गाडीवर पोहोचविण्यासाठी बैलगाडीस बारमाही रस्ता लागू लागला. लोहमार्गामुळे रस्त्यांचे महत्त्व घटेल अशी समजूत त्या काळी पुष्कळांची होती. स्थानकाकडे जाणाऱ्या छोट्या रस्त्यांच्या बाबतीत घडले ते उलटेच.

हे रस्ते ज्या पद्धतीचे होते त्या पद्धतीचा जनक जॉन लाउडन मॅकॅडम (१७५६–१८३६) हा स्कॉटिश गृहस्थ. त्याचे नाव नवीन रस्त्याच्या रचनेशी जोडले जाते, पण १८१६ मध्ये ब्रिस्टॉलच्या पथकर-विश्वस्तांकडे नोकरीस लागल्यावर त्याने जे प्रथम केले ती दुरुस्ती होती, आणि स्वस्त दुरुस्ती होती. इंग्लंडातील रस्त्यांवर पिढ्यान्‌पिढ्या गोटे व माती यांचे थर टाकले गेले होते. दगड पुष्कळ होता, रस्ता मात्र खराब होता. मॅकॅडमने नवा दगड मागविण्याऐवजी जुना थर उकरून काढला, त्यातील माती वेगळी केली, गोटे फोडून सुमारे सहा औंसांच्या आतील तुकडे केले आणि तेच पुन्हा पसरले. फोडकामासाठी बसून चालविण्याजोगे लहान हातोडे दिले, त्यामुळे वृद्ध माणसे, स्त्रिया व मुले यांनाही ते काम मिळाले. त्याचे मूळ सूत्र असे की, भार पेलते ती खालची जमीन. दगडाचा थर हे तिच्यावरचे छप्पर. छप्पर अभेद्य असले व जमीन कोरडी राहिली, तर पातळ थरही पुरे. त्याचाच समकालीन टॉमस टेलफर्ड हा खाली मोठ्या दगडांचा पाया रचण्याच्या मताचा होता. आपल्याकडील ठेकेदार ज्यास सोलिंग म्हणतात ते टेलफर्डच्या परंपरेतले. दोन्ही पद्धती येथे आल्या, आणि पुढे एकाच रस्त्यात एकमेकींवर बसल्या.

आपल्या देशातील खडीच्या रस्त्याचा शत्रू इंग्लंडातल्याहून निराळा होता. तो म्हणजे बैलगाडीचे लोखंडी धावेचे अरुंद चाक. गाडीचा सारा भार बोटभर रुंदीच्या पट्टीवर येतो, आणि गाडीवान आधीच्या चाकोरीतूनच चाक नेतो. परिणामी खडी चिरडून तिचे पीठ होते. उन्हाळ्यात त्याची धूळ उडून जाते, पावसाळ्यात त्याचा चिखल वाहून जातो, आणि दोन चाकोऱ्यांच्या मध्ये उंचवटा राहतो. पाणी घालून रूळ फिरवून दाबलेला खडीचा थर ज्या रचनेवर टिकतो, ती रचना म्हणजे दगडास दगड अडणे व फटींत मुरूम बसणे. मुरूम निघून गेला की दगड सुटतो आणि एक दगड सुटला की शेजारच्यांचा आधार जातो. या झिजेवर स्वस्त उपाय होता तो माणसाचा. सार्वजनिक बांधकाम खात्यात ज्यास मैलकुली म्हणत, त्याच्याकडे रस्त्याचे ठराविक मैल सोपविलेले असत. चाकोरीत मुरूम टाकणे, सुटलेली खडी गोळा करून खळग्यात ठोकून बसविणे, साइडपट्टी तासून पाण्यास वाट करून देणे, मोरीतील गाळ काढणे, ही त्याची कामे. त्याच्याजवळ फावडे, घमेले, कुदळ व धुम्मस यांपलीकडे साधन नसे. त्याच्या कामाची किंमत कोणत्याही अंदाजपत्रकात मोठी दिसत नाही; मात्र ते काम थांबले म्हणजे पुढील अंदाजपत्रक मोठे होते.

पैसा कोठून येई, हेही पाहिले पाहिजे. १८६९ च्या मुंबई लोकल फंड कायद्याने जमीनमहसुलाच्या प्रत्येक रुपयामागे एक आणा उपकर बसविला. त्याचे दोन भाग रस्ते व तत्सम लोकोपयोगी कामांकडे आणि एक भाग शिक्षणाकडे, अशी वाटणी होती. म्हणजे आपल्या वाडीचा सारा भरणारा सांडोरचा बागायतदार रस्त्यासाठी वेगळा पैसा देत होता आणि त्यास ते ठाऊक होते. १८७५ च्या कायद्याने काही रस्त्यांवर व पुलांवर टोलही घेता येऊ लागला. १८८४ च्या कायद्याने जिल्हा व तालुका लोकल बोर्डे आली, १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा आल्या, आणि ३ जुलै २००९ रोजी वसई-विरार शहर महानगरपालिका स्थापन होऊन आसपासच्या नगरपरिषदा व गावे तीत आली. २००१ च्या जनगणनेत सांडोरची गणना नगर म्हणून झाली होती. २०१४ मध्ये ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा झाला. गावातील एकाच वाटेचा धनी असा पुन्हा पुन्हा बदलत गेला. या प्रत्येक बदलात रस्ता हस्तांतरित झाला. त्याच्या पोटात कोणते थर कोणत्या साली पडले ही माहिती त्याबरोबर पुढे जाण्याची व्यवस्था कोणत्याही कायद्यात नव्हती. दुरुस्तीचा खर्च वाढविणारे हे कारण अभियांत्रिकीच्या पुस्तकांत आढळत नाही, पण इतिहासाच्या दृष्टीने ते मोठे आहे. ज्या वैद्यास रोग्याची पूर्वपीठिका ठाऊक नाही, तो एकाच रोगावर दरवर्षी नवे औषध देतो.

देशावरील खडीचा इतिहास याहून दारुण आहे, आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. १८७६–७८ च्या दुष्काळात मुंबई इलाख्यात सरकारने जी मदतकामे काढली त्यांत रस्त्यांचे मातीकाम व खडी फोडणे यांचा भाग मोठा होता. सर रिचर्ड टेंपल यांच्या धोरणानुसार मजुरी घटविण्यात आली, तेव्हा १८७७ च्या आरंभी हजारो लोकांनी कामे सोडली, आणि पुणे सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे मांडली. पुढे दुष्काळसंहिता झाली. १९७२–७३ च्या दुष्काळात महाराष्ट्रात मदतकामांवरील मजुरांची संख्या पन्नास लाखांच्या घरात पोहोचली होती आणि तेव्हाही खडी फोडणे हे काम गावोगाव चालले. याच अनुभवातून रोजगार हमी योजनेचा १९७७ चा कायदा झाला. माणसे जगली हे या कामांचे यश निर्विवाद आहे. रस्त्याच्या बाजूने पाहता मात्र एक विपरीत गोष्ट दिसते. पाण्याने दाबून बसवावयाच्या खडीस पाणी लागते, आणि दुष्काळात नेमके पाणीच नसते. खडी फुटत होती. ती पसरून दाबण्यास पाणी नव्हते व रूळही पुरेसे नव्हते. मजुरी स्वस्त असली म्हणजे काम स्वस्त होत नाही. कामाचा क्रम साधला नाही तर फुकट मिळालेली खडीही महाग पडते. कोकणात याच्या उलट स्थिती. येथे पाणी मुबलक, पण ते चुकीच्या वेळी येते. सांडोरसारख्या ठिकाणी खडी दाबण्याचा काळ म्हणजे पावसाळा संपून जमीन निथळल्यापासून मेअखेरपर्यंतचा. आर्थिक वर्ष मार्चमध्ये संपते आणि निविदांचे काम अनेकदा त्याच सुमारास उरकते, ही परंपरागत अडचण कोकणातील प्रत्येक ओव्हरसियर जाणतो.

मोटार आली आणि प्रश्नाचे स्वरूप पालटले. रबरी चाक खडी चिरडत नाही; ते तिच्यातील बारीक माल शोषून मागे फेकते. धुळीचा लोट ही त्या काळी सर्व जगाची तक्रार झाली. मोनॅको येथे १९०२ मध्ये डॉ. एर्न्स्ट गुग्लिएलमिनेट्टी या स्विस वैद्याने रस्त्यावर गरम डांबर लेपून धूळ बसविण्याचा प्रयोग केला. धुळीकडे तो आरोग्याच्या दृष्टीने पाहत होता, रस्त्याच्या आयुष्याच्या दृष्टीने नव्हे. परंतु लेपाखालील खडी सुटत नाही आणि पाणी आत जात नाही, हा लाभ ताबडतोब ध्यानात आला. मॅकॅडमच्या छपरास येथे कौलाऐवजी पातळ पत्रा मिळाला, असे म्हणता येईल.

हिंदुस्थानात या नव्या खर्चाचा भार कोणी उचलावा, हा प्रश्न १९२७ मध्ये नेमलेल्या समितीपुढे आला. तिचे अध्यक्ष मुकुंदराव रामराव जयकर. पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झालेले तेच हे जयकर. विद्यापीठीय वर्तुळात त्यांची स्मृती ग्रंथालयाशी निगडित आहे, पण भारतातील रस्त्यांच्या अर्थव्यवस्थेचा पाया त्यांच्या समितीच्या १९२८ च्या अहवालाने घातला, याची आठवण फारशी कोणी काढीत नाही. रस्त्यांचा विकास प्रांतिक सरकारे व स्थानिक मंडळे यांच्या शक्तीबाहेर गेला आहे, तो राष्ट्रीय हिताचा विषय मानावा, मोटारीच्या पेट्रोलवर जादा कर बसवून त्याचा वेगळा निधी करावा, अभियंत्यांनी अनुभवाची देवघेव करण्यासाठी एक संस्था असावी आणि संशोधनाची सोय व्हावी, या त्या अहवालातील मुख्य सूचना. १९२९ मध्ये गॅलनमागे दोन आण्यांच्या करातून मध्यवर्ती रस्ता निधी निघाला, १९३४ च्या डिसेंबरात इंडियन रोड्स काँग्रेस स्थापन झाली आणि १९५२ मध्ये दिल्लीस मध्यवर्ती रस्ता संशोधन संस्था उघडली. १९४३ च्या नागपूर परिषदेने राष्ट्रीय, प्रांतिक, जिल्हा व ग्राम अशी रस्त्यांची वर्गवारी केली. या वर्गवारीत सांडोरच्या वाटेसारखी वाट तळाच्या पायरीवर येते. जयकरांनी जमिनीच्या साऱ्याकडून पेट्रोलच्या कराकडे रस्त्याचा भार वळविला, हे न्याय्यच झाले. त्याबरोबर आणखी एक गोष्ट घडली: आपण रस्त्यासाठी नेमके काय देतो हे गावातील माणसास कळेनासे झाले.

स्वातंत्र्यानंतर डांबर सुलभ झाले. तुर्भे येथे १९५४ मध्ये स्टॅनव्हॅकचा व १९५५ मध्ये बर्मा-शेलचा तेलशुद्धीकरण कारखाना सुरू झाला, तेव्हा वसईच्या दृष्टीने डांबराचा उगम खाडीपलीकडे येऊन ठेपला. १ जून १९४८ पासून सरकारी एस. टी. गाड्या धावू लागल्या होत्या. एस. टी. यावयाची तर डांबरी रस्ता हवा, ही गावोगावची मागणी झाली. तीस स्वस्त उत्तर होते ते पृष्ठलेपाचे: जुन्या खडीच्या थरावरील धूळ झाडून काढावयाची, गरम डांबर शिंपडावयाचे, त्यावर एकसारख्या आकाराची बारीक खडी पसरावयाची आणि रूळ फिरवावयाचा. या कृतीचे शास्त्र न्यूझीलंडमधील एफ. एम. हॅन्सन यांनी १९३५ च्या सुमारास मांडले. सैल पसरलेल्या खडीत निम्मी जागा पोकळ असते, रूळ फिरल्यावर ती तीस टक्क्यांवर येते आणि रहदारीने वीस टक्क्यांवर. त्या अखेरच्या पोकळीच्या मानाने डांबराचे प्रमाण ठरवावे, हा त्यांचा निष्कर्ष. डांबर कमी पडले तर खडी उडते, जास्त झाले तर उन्हाळ्यात वर येऊन रस्ता काळा व गुळगुळीत होतो. विरळ वस्तीच्या न्यूझीलंडने आपल्या ग्रामीण रस्त्यांचा फार मोठा भाग याच पद्धतीने राखला आहे. श्रीमंत देशाने पातळ लेपावर समाधान मानावे आणि आपल्याकडे मात्र त्यास हलके काम समजावे, यात काही मौज आहे.

आपल्याकडे हे काम बिघडले ते बहुधा दोन ठिकाणी. एक, तापमान. रस्त्याच्या कडेस डांबराची पिपे लाकडाच्या आगीवर ठेवून तापविली जात. तापमापक क्वचितच असे. डांबर प्रमाणाबाहेर तापले म्हणजे त्यातील स्निग्धांश उडून ते ठिसूळ होते, आणि असा लेप वर्ष-दोन वर्षांत तडकतो. दुसरे, खडीवरील धूळ. धूळ असलेल्या खडीस डांबर चिकटते ते धुळीस, दगडास नव्हे. दगडाच्या जातीत मात्र आपण सुदैवी आहो. दख्खनचा काळा पाषाण हा रसायनदृष्ट्या ज्या वर्गातला आहे त्यास डांबर चांगले धरून राहते. गारगोटीसारखा दगड पाणी येताच डांबर सोडतो. म्हणजे सांडोरच्या रस्त्यास दूरून यावा लागणारा दगड निदान जातीचा उत्तम होता. धुवून घेण्याचा त्रास तेवढा करावयाचा होता.

ओलसर हवेतही काम करता यावे यासाठी पायसाचा उपयोग होतो. पायस म्हणजे डांबराचे सूक्ष्म कण पाण्यात तरंगत ठेवलेले मिश्रण, बाजारात त्यास इमल्शन म्हणतात. याचे महत्त्वाचे पेटंट ह्यू मॅके यांनी १९२२ मध्ये इंग्लंडात घेतले. यास आग लागत नाही. पाणी निघून गेले की डांबराची पुटी उरते. भारतीय मानक संस्थेने धनविद्युतभारित कणांच्या इमल्शनचे मानक १९७८ मध्ये केले. कोकणातील पावसाळी खड्ड्यांसाठी हे साधन प्रथमपासून वापरावयास हवे होते, असे प्रस्तुत लेखकास वाटते. प्रत्यक्षात पाऊस उघडेपर्यंत खड्ड्यात मुरूम व विटांचे तुकडे टाकावयाचे, ते पहिल्या सरीबरोबर बाहेर यावयाचे, आणि ऑक्टोबरात खड्डा तिप्पट झाल्यावर डांबर आणावयाचे, ही रीत फार काळ चालली. खड्डा म्हणजे मुळात एक बारीक भेग असते. तीतून पाणी आत शिरते, चाकाच्या दाबाने ते पाणी खालचा बारीक माल घेऊन वर उसळते, पोकळी होते आणि वरचा थर खचतो. भेग बुजविण्यास जेवढे डांबर लागते त्याची आणि खड्डा भरण्यास लागणाऱ्या मालाची तुलनाच होऊ शकत नाही.

रस्ता कशाने किती झिजतो याचे मोजमाप अमेरिकेत इलिनॉय राज्यातील ओटावा येथे १९५८ ते १९६० या काळात झाले. मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवर ठराविक वजनाच्या मालमोटारी सतत फिरवून हा निष्कर्ष निघाला की, आसावरील भार दुप्पट झाला तर झीज सुमारे सोळा पट होते. म्हणजे झीज भाराच्या चतुर्थ घाताच्या प्रमाणात वाढते. एक टन भाराचा आस आणि दहा टन भाराचा आस यांतील झिजेचे अंतर दहा हजार पटीचे आहे.

हा नियम वसईच्या १९८० नंतरच्या इतिहासास लावून पाहण्याजोगा आहे. त्या काळात स्थानकांच्या परिसरात इमारती झपाट्याने उभ्या राहिल्या, त्यांस नळाचे पाणी नव्हते, आणि पश्चिम पट्ट्यातील गावांच्या विहिरींतून पाणी उपसून टँकरने विकण्याचा धंदा फोफावला. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखालील हरित वसई संरक्षण समितीने याविरुद्ध जे आंदोलन केले ते महाराष्ट्रास परिचित आहे. त्याची चर्चा पाणी व पर्यावरण या अंगाने पुष्कळ झाली. रस्त्याच्या अंगाने झालेली दिसत नाही. दहा हजार लिटर पाण्याचे वजनच दहा टन. त्यात गाडीचे वजन वेगळे. सायकली, बैलगाड्या आणि दिवसाकाठी काही एस. टी. गाड्या यांसाठी सोसवेल एवढ्या थराच्या रस्त्यावर असे टँकर फेऱ्या घालू लागले, तर चतुर्थ घाताच्या न्यायाने त्या रस्त्याचे आयुष्य वर्षांवरून महिन्यांवर येते. गावाच्या विहिरीचे पाणी गेले, आणि ते नेणाऱ्या चाकांनी गावाचा रस्ताही नेला. या झिजेची भरपाई पाणी विकणाऱ्याकडून घेण्याची सोय दरपत्रकात नव्हती. दुरुस्तीचा खर्च कमी करण्याचा सर्वांत स्वस्त उपाय कित्येकदा डांबराचा नसतो, भारनियंत्रणाचा असतो, हे येथे उघड होते.

रस्त्याची ताकद किती उरली हे खणून न पाहता कळावे यासाठी ए. सी. बेंकेलमन यांनी १९५३ मध्ये एक साधी तरफ बनविली. भारित चाकाखाली रस्ता किती दबतो आणि चाक पुढे गेल्यावर किती वर येतो, एवढेच तिच्यावर वाचावयाचे. भारतात या पद्धतीने वरच्या थराची जाडी ठरविण्याची मार्गदर्शिका रोड्स काँग्रेसने १९८१ मध्ये काढली. दबणे अल्प असेल तर खालचे अंग शाबूत आहे; तेव्हा भेगा भरून पातळ लेप देणे पुरे. दबणे अधिक असेल तर वरून कितीही लेप दिला तरी तो पैसा वाया गेला, खालून काम केले पाहिजे. ही परीक्षा स्वस्त आहे, तरी लहान रस्त्यांवर ती क्वचितच होते. आणि मग सर्व रस्त्यांस एकच औषध, म्हणजे वरून नवे कार्पेट, दिले जाते.

नव्या कार्पेटचा एक परिणाम सखल किनारपट्टीत विशेष जाणवतो, आणि प्रस्तुत लेखाचा रोख मुख्यतः त्याकडे आहे. प्रत्येक थराबरोबर रस्ता काही सेंटिमीटर उंच होतो. असे चार-पाच थर चढले म्हणजे जे अंगण पूर्वी रस्त्याच्या पातळीवर होते ते खाली जाते, घराची पायरी एकेक करून बुडते, आणि ज्या वाडीचे पाणी रस्ता ओलांडून ओहोळास मिळत असे ती वाडी तुंबते. मग घरमालक अंगणात भराव घालतो, ओटा वाढवितो, प्रसंगी उंबरठा वर घेतो. हा खर्च कोणत्याही निविदेत दिसत नाही. २०१८ च्या जुलैत वसई-विरार परिसर पाण्याखाली गेला आणि आगगाड्याही थांबल्या, त्यास अतिवृष्टी, बुजलेले नाले, भरलेली मिठागरे अशी अनेक कारणे सांगितली गेली. वाढलेल्या रस्त्यांचे कारण त्यांत सर्वांत लहान असेल. परंतु वाडीतल्या माणसास तेच दारात दिसते. कार्पेट स्वस्त की महाग, याचे उत्तर रस्त्याच्या एका कडेस एक आणि दुसऱ्या कडेस दुसरे येते.

यावर उपाय नाही असे नाही. जुना डांबरी थर यंत्राने खरवडून काढावयाचा आणि तोच माल नव्या डांबराची जोड देऊन पुन्हा वापरावयाचा, ही पद्धत १९७३ च्या तेलसंकटानंतर डांबर महागले तेव्हा पाश्चात्य देशांत वाढली. आपल्याकडे रोड्स काँग्रेसने तिची मार्गदर्शिका २०१५ मध्ये दिली. दोनशे वर्षांपूर्वी ब्रिस्टॉलला मॅकॅडमने हातोड्याने जे केले ते हेच; दगड दूर असलेल्या सांडोरसारख्या गावी त्याचे औचित्य कितीतरी अधिक. रस्त्याचे अंग शाबूत असेल तेथे इमल्शन व बारीक कच यांचा चार ते आठ मिलिमीटरांचा पातळ लेप, ज्यास मायक्रोसरफेसिंग म्हणतात, पुरतो. त्याने पातळी जवळजवळ वाढत नाही. त्याचे भारतीय विनिर्देश २००८ पासून उपलब्ध आहेत. टाकाऊ प्लास्टिक गरम खडीवर लेपून डांबराची पकड वाढविण्याची कृती मदुराईच्या त्यागराजर अभियांत्रिकी महाविद्यालयातील प्रा. राजगोपालन वासुदेवन यांनी सिद्ध केली. २००२ मध्ये तेथील आवारात असा रस्ता झाला. तिने डांबर काहीसे वाचते आणि पाण्यास प्रतिकार वाढतो. मात्र ती गरम मिश्रणाची कृती आहे, खराब पायावरचा उतारा नव्हे. पावसाळ्यात उखडलेल्या जागी सिमेंटचे पेव्हर ब्लॉक बसविण्याची जी प्रथा मुंबई परिसरात पडली, ती मात्र खर्चिक ठरली असे म्हणणे भाग आहे. ब्लॉक व डांबर यांच्या सांध्यातून पाणी शिरते आणि रस्ता तेथेच पुन्हा फुटतो.

उत्तम काम दीर्घकाळात स्वस्त पडते, याचे मराठी वाचकास ठाऊक असलेले उदाहरण पुण्याचा जंगली महाराज रस्ता. १९७६ मध्ये रेकॉन्डो या कंपनीने गरम मिश्रणाने तो केला, दहा वर्षांची हमी दिली, आणि तो हमीच्या कितीतरी पुढे, काही दशके, खड्ड्यांवाचून टिकला. त्यात गूढ असे काही नव्हते: मिश्रणाचे तापमान, मालाची प्रत, थराचा दाब आणि पाण्याचा निचरा, या चार गोष्टी सांभाळल्या गेल्या. पण पुण्याची जमीन वसईची नव्हे, आणि त्या रस्त्यास मिळाले तेवढे लक्ष गावच्या वाटेस मिळत नाही. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेने २००० पासून बांधणाऱ्या ठेकेदारावरच पाच वर्षांच्या देखभालीची जबाबदारी घातली. ही सुधारणा मोठी आहे. त्या पाच वर्षांनंतर मात्र रस्ता पुन्हा स्थानिक संस्थेकडे येतो आणि तेथे मैलकुलीच्या जागा रिकाम्या असतात.

सांडोर परिसरापुरते बोलावयाचे तर कामाचा क्रम असा निघतो. ऑक्टोबरात पाणी निथळताच गटारे व मोऱ्या उघडाव्या आणि साइडपट्टी रस्त्याहून खाली तासावी; भेगा इमल्शनने भराव्या; तरफेने दाब मोजून रस्त्याचे तुकडे पाडावे; शाबूत तुकड्यांस पातळ लेप द्यावा; दबलेले तुकडे खरवडून त्याच मालाने पुन्हा बांधावे; आणि हे सर्व मे महिन्यापूर्वी उरकावे. नव्या थरापूर्वी शेजारच्या घरांच्या जोत्यांची पातळी नोंदवून ती अंदाजपत्रकास जोडण्याचा खर्च एका मिस्त्रीच्या काही दिवसांच्या मजुरीएवढा आहे. खरवडलेला माल उरला तर वाड्यांकडे जाणाऱ्या कच्च्या वाटांवर तो मुरुमाहून चांगला बसतो, आणि तो पूर्वेच्या खाणीतून पुन्हा वाहून आणावा लागत नाही.